शिवी जशीच्या तशी

जुन्या नोकरीतले किस्से माळ्यावरच्या सामानासारखे असतात. मुद्दाम कोणी साठवत नाही, फक्त फेकायचं राहून जातं. मग कधीतरी तुमच्यासारखी चार मंडळी ओट्यावर येऊन बसतात, चहा होतो, कोणीतरी म्हणतं, "काढा हो एखादा," आणि एकाला हात घातला की वरचे सगळे अंगावर येतात.

माझ्याकडचा ढीग शिव्यांचा आहे. हसू नका. मी तालुक्याच्या कोर्टात रीडर होतो, म्हणजे मॅजिस्ट्रेट साहेबांच्या खालच्या टेबलाशी बसून साक्षी लिहून घेणारा कारकून. महाराष्ट्र नुकताच झाला होता. छापील फॉर्मवर मध्य प्रदेश असायचं, त्याच्यावर मुंबई राज्याचा शिक्का, आणि ते दोन्ही खोडून मी हातानं महाराष्ट्र लिहायचो. दिवसाला तीस-चाळीस वेळा. नवं राज्य आलं हे लोकांना भाषणांतून कळलं, मला मनगटातून!

लोकांना वाटायचं, आता आपलं राज्य आलं, मनातलं बोलायला हरकत नाही. बोलायला गेलं की समोर पहिला भेटायचा तो पोलीस. पोलिसाला शिवी दिली की कलम पाचशे चार. हा आकडा आमच्याकडे इतका प्रसिद्ध होता की बाजारात दोघांचं जुंपलं तर तिसरा म्हणायचा, "गप बे, पाचशे चार लागंल!"

आता कोर्टाची रीत ऐका, कारण सगळं तिच्यावरच आहे. नुसतं 'घाण शिवी दिली' म्हणून भागत नसे. शब्द काय होते? शब्द नाहीत तर गुन्हा नाही. तेव्हा शिवी खाल्लेल्या पोलिसानं साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून ती स्वतःच्या तोंडानं उच्चारायची. साहेबांनी ती मला सांगायची. मी लिहायची, आणि जबानी संपली की खड्या आवाजात वाचून दाखवायची, बरोबर आहे का म्हणून विचारायचं. पिंजऱ्यातली शिवी साक्षीदाराची नसते, ती आरोपीच्या नावावर असते. तिच्यासाठी साक्षीदाराला कोणी धरत नाही.

अशा शिव्या लिहिता लिहिता माझी उमर गेली. घरी मी कोणाला साधं 'गाढवा' म्हटलं नाही. संस्कार वगैरे काही नाही, इच्छाच उरली नव्हती. या सगळ्यांत एकच खटला असा होता की त्यात एका माणसाची भाकरी पणाला लागली होती. आमच्या गावच्या इंगळे गुरुजींचा. तो सांगतो, पण त्याच्या आधी जमादार कळले पाहिजेत.

* * *

तालुक्यातल्या बहुतेक शिव्या एकाच माणसाच्या वाट्याला यायच्या. कायंदे जमादार. पोलीस ठाण्यातले जुने हवालदार, मूळचे बीबी गावाकडचे, उंच, थोडे वाकलेले, मिशा पांढऱ्या झालेल्या. बाजाराचा बंदोबस्त त्यांच्याकडे, म्हणून बाजारातल्या शिव्याही त्यांच्याकडे. ते आपणहून कधी फिर्याद करत नसत. ठाणेदार करायला लावायचे.

वरवट बकाल गावचा म्हादू वांगी-कोथिंबीर घेऊन यायचा. जमादारांनी त्याची बैलगाडी रस्त्यातून हलवायला लावली आणि त्याच्या तोंडून निघून गेलं. खटला उभा राहिला.

"काय शिवी दिली?" साहेबांनी जमादारांना विचारलं.

"घाण दिली साहेब."

"शब्द सांगा."

"साहेब, मागं बायामाणसं बसली हायत."

"शब्दांशिवाय पुढं जाता येणार नाही."

जमादारांनी छताकडे पाहिलं. पंखा नव्हताच, नुसती कडी होती. तिच्याकडे बघत म्हणाले, "'खाकीतला बोकड' म्हणला."

साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "लिहा, खाकीतला बोकड." मी लिहिलं. जबानी संपल्यावर उभा राहून वाचलं, "आरोपी मला 'खाकीतला बोकड' असे म्हणाला." मागच्या बाकांवर पदर तोंडात गेले.

म्हादूनं हात जोडले. "साहेब, मी तं एकच खेप म्हटलं होतं. तुम्ही सगळ्यायनं मिळून तीन खेपा म्हटलं. मंग पिंजऱ्यात मी एकटाच काऊन?"

साहेबांनी त्याला समज देऊन सोडलं. पण बाजारात जे चार माणसांनी ऐकलं होतं ते आता तालुक्याला ठाऊक झालं. पुढं पाचशे चारची तारीख असली की लोक शिदोरी बांधून कोर्टात येऊन बसू लागले.

* * *

आमचे साहेब पुण्याकडचे. माणूस सज्जन, पण बायाही 'मी जातो' म्हणतात अशी आमची वऱ्हाडी ऐकली की त्यांच्या कपाळावर आठी पडायची, कोणी साधी वाट विचारली तरी त्यांना भांडण वाटायचं.

एकदा गंगूबाई नावाची म्हातारी आली. मेथीच्या जुड्या विकायची. हिनं जमादारांना भर बाजारात 'मुडदा' म्हटलं होतं. साहेबांना हा शब्द फार गंभीर वाटला. मरणाची इच्छा व्यक्त केली आहे म्हणाले!

"बाई, तुम्ही यांना मुडदा म्हणालात?"

"हाव."

"का म्हणालात?"

"काऊन म्हंजे? माह्या जुडीवर पाय देला यायनं. अन् साहेब, मुडदा तं मी माह्या घरच्यालेही म्हणतो. पस्तीस वर्सं झाली, रोज म्हणून राह्यलो. तो काही ठाण्यात गेला नाही!"

साहेबांनी फाईल तोंडासमोर धरली आणि बराच वेळ तिच्यात काहीतरी शोधलं. गंगूबाई सुटली. बाहेर व्हरांड्यात तिनं पिशवीतून मेथीची एक जुडी काढून जमादारांच्या हातात कोंबली. "घे रे मुडद्या. वाळून चालला."

जमादारांनी जुडी घेतली आणि माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, "बाबूजी, हे लिवू नका."

* * *

भाषणस्वातंत्र्य आमच्या कोर्टात पहिल्यांदा आणलं ते एका नव्या वकिलानं. नागपूरहून कायदा शिकून आलेला, कोट नवा, बगलेत जाडजूड पुस्तक. अशील कोण, तर दाजीबा पाटील, साठ एकरांचे मालक. त्यांनी जमादारांना चारचौघांत 'बिनकामाचा ढोल' म्हटलं होतं.

वकिलानं अर्धा तास राज्यघटना वाचली. दाजीबा पाटील इतके भारावले की आपणच ती लिहिली असावी असे बघायला लागले.

साहेब शांतपणे म्हणाले, "स्वातंत्र्य आहे, नाही कोण म्हणतो? पण त्याला मर्यादा आहेत. पोलिसाच्या कामावर तुम्ही कितीही टीका करा. माणसाला शिवी देऊ नका. एवढा फरक आहे."

वकील बसला. दाजीबा उठले. "मंग तं भांडणच मिटलं साहेब! मी शिवी त्याच्या कामालेच देली होती. मधात हा उभा होता, त्याले मी काय करू?"

दंड झाला. मला मात्र आजही वाटतं की त्या दिवशी कायदा सगळ्यांत नीट दाजीबांनाच कळला होता.

* * *

सभांमध्ये कोण काय बोलतं ते टिपून आणायचं कामही कायंदे जमादारांकडेच. शिक्षण चौथी, अक्षर टपोरं, एक एक अक्षर कोरून काढायचे. बाजाराच्या दिवशी विरोधी पक्षाचे एक पुढारी आले. भाषण जळजळीत. सरकारला सोडलं नाही, कलेक्टरला सोडलं नाही, पोलिसांना तर धुऊन काढलं. मधेच त्यांचं लक्ष समोर वही घेऊन बसलेल्या जमादारांकडे गेलं.

"काय जमादार, झालं लिहून? पुढं जाऊ?"

लोक हसले. जमादारांनी मान वर न करता हात दाखवला. "'निकम्मं सरकार' इथपर्यंत आलो. जरा दमानं घ्या."

पुढारीही खिलाडू. एक वाक्य बोलायचे, थांबायचे, जमादारांनी मान हलवली की दुसरं बोलायचे. लोक जांभया द्यायला लागले. निम्मे उठून बैल जुंपायला गेले.

पुढं ते प्रकरण कोर्टात आलं. साहेबांनी विचारलं, "या भाषणानं लोक भडकले का?"

"भडकले असते साहेब," जमादार म्हणाले. "भाषण लय गरम होतं. पण माझ्या हातून जाता जाता निवून गेलं."

* * *

आता हा जो सांगतो, त्याला कोणी हसत नाही. मीही हसलो नव्हतो.

एकदा सकाळी समन्सचे कागद द्यायला मी ठाण्यात गेलो. हजेरी चालू होती. ठाणेदार नवे, वय तीस-बत्तीस, अंगावर कडक इस्त्री. जमादारांच्या पट्ट्याचं बक्कल चमकत नव्हतं, एवढंच निमित्त. ठाणेदारांनी तोंड सोडलं. आईवरून, बहिणीवरून, जे शब्द मी कोर्टातही कधी लिहिले नव्हते ते. मागे रांगेत जमादारांच्या मुलाच्या वयाचे शिपाई उभे. जमादार समोर ताठ उभे, हात दोन्ही बाजूंना चिकटलेले. संपल्यावर त्यांनी सलाम ठोकला.

बाहेर नळावर ते तोंड धूत होते. मी आपलं वातावरण हलकं करावं म्हणून म्हटलं, "जमादार, याला पाचशे चार लागत नाही का हो?"

"लागतं की." त्यांनी रुमालानं मिशा पुसल्या. "पण बाबूजी, फिर्याद लिवून घेणारे बी तेच हायत."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. माझं काम लिहायचं, बोलायचं नाही, अशी मी माझी समजूत घालत कोर्टात परत आलो. त्या दिवशी दिवसभर माझं अक्षर बिघडलं.

* * *

आणि मग गुरुजींचं प्रकरण झालं.

इंगळे गुरुजी गावच्या शाळेचे हेडमास्तर. माणूस इतका मऊ की पोराचा कान धरायचा तर आधी त्याला विचारतील. ठाणेदारांनी घरच्या कार्यासाठी शाळेच्या सतरंज्या मागून नेल्या. कार्य दिवाळीत झालं, जानेवारी आला तरी सतरंज्या तिकडेच. पोरं थंडीत उघड्या फरशीवर बसत होती. गुरुजी चार वेळा मागायला गेले, चारही वेळा त्यांना दारातूनच परत पाठवलं.

सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडावंदन. प्रमुख पाहुणे कोण, तर ठाणेदार! गुरुजी बोलायला उभे राहिले. मुलांनो, घटनेनं आपल्याला मोकळेपणानं बोलायचा हक्क दिला आहे, असं सांगितलं. समोर पोरं फरशीवर अंग चोरून बसलेली. गुरुजींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि ते म्हणाले, "मग बोलतोच. हे आपले पाहुणे म्हणजे सरकारनं सोडलेला सांड आहे. ज्याच्या वावरात शिरला त्याचं खाल्लं!"

देवाच्या नावानं सोडलेला सांड कोणाचंही शेत चरला तरी त्याला कोणी काठी मारत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. टाळ्यांचा कडकडाट झाला.

दुसऱ्या दिवशी फिर्याद. कलम पाचशे चार. शिक्षा झाली की जिल्हा परिषद नोकरीवरून काढणार, हे उघड होतं. अठ्ठावीस वर्षांची नोकरी, दोन वर्षांवर आलेली पेन्शन, सगळं त्या एका सांडापायी. ठाणेदारांनी निरोप धाडला की लेखी माफी द्या, मिटवून टाकतो.

मी स्वतः गुरुजींच्या घरी गेलो. "दोन ओळी लिहून द्या हो. शब्दच आहेत."

गुरुजी म्हणाले, "दिल्या असत्या. पण तो कागद पोरं वाचतील. त्यांना वाचायला मीच शिकवलंय."

मला त्यांचा राग आला. खरं सांगतो, फार राग आला. असं वागणं ज्याला परवडत नाही तोच नेमका असं का वागतो, हे मला कधी कळलं नाही.

* * *

तारीख लागली. कोर्ट गच्च भरलेलं. सरकार पक्षानं गावातले साक्षीदार आणले होते.

पहिला म्हणाला, "मी झेंड्याकडं पाहून राह्यलो होतो साहेब. ऐकू काही आलं नाही."

दुसरा म्हणाला, "मी टाळ्या वाजवत होतो."

"कशाला टाळ्या वाजवल्या?" साहेबांनी विचारलं.

"ते ऐकू आलं नाही साहेब. सगळे वाजवत होते."

तिसरे सरपंच. त्यांनी छाती पुढं काढून सांगितलं, "मी ऐकलं साहेब. सगळं ऐकलं. गुरुजी म्हणाले, भारत माता की जय."

अख्खं गाव हजर असून कोणाच्याच कानांत सांड शिरला नव्हता! ठाणेदार फिर्यादी, त्यांची जबानी आधीच झाली होती. आता त्यांना दुजोरा देणारा एकच साक्षीदार उरला. झेंडावंदनाला त्यांच्या खुर्चीमागे बंदोबस्ताला उभे असलेले कायंदे जमादार. जमादारांनी ते वाक्य सांगितलं की गुरुजींची नोकरी गेली, इतका सरळ हिशेब होता.

जमादार पिंजऱ्यात आले. त्यांना निवृत्त व्हायला चार महिने होते. ठाणेदार पहिल्या रांगेत खुर्चीवर, पायावर पाय टाकून. गुरुजी आरोपीच्या जागी, धुतलेला कोट घालून, खाली बघत.

"आरोपी काय म्हणाले? शब्द जसेच्या तसे सांगा," साहेब म्हणाले.

मला वाटलं, आता जमादार नेहमीसारखे छताकडे बघणार. त्यांनी छताकडे पाहिलं नाही. ताठ उभे राहिले, हजेरीला राहायचे तसे, आणि थेट ठाणेदारांकडे बघत बोलायला लागले.

"म्हणाले, हा ठाणेदार म्हणजे सरकारनं सोडलेला सांड हाय. ज्याच्या वावरात शिरला त्याचं खाल्लं."

गुरुजींनी डोळे मिटले. साहेबांनी मला सांगितलं, मी लिहिलं. झालं, असं वाटून मी टाक खाली ठेवणार होतो.

"म्हणाले," जमादार पुढं बोलले, "नुसत्या सतरंज्या नव्हं, बाजारातली भाजी बी फुकट खातो. शिपायांच्या रजा खातो."

गुरुजींनी दचकून मान वर केली. सरकारी वकिलानं फिर्यादीचा कागद उलटून पाहिला, मागची बाजू कोरी होती.

"आणखी काही?" साहेबांनी विचारलं.

"म्हणाले, रोज सकाळी हजेरीला मायबहिणीवरून बोलतो. पोरासोरांच्या देखत बोलतो. बापाच्या वयाच्या माणसाला बोलतो." जमादारांचा आवाज कुठंही चढला नाही. "म्हणाले, असल्या माणसाला सलाम ठोकताना हात उचलत नाही. म्हणाले, त्याच्यापरीस गंगूबाईची शिवी गोड लागते."

ठाणेदार ताडकन उठले. "साहेब, हा माणूस..."

"साक्ष चालू असताना मधे बोलायचं नाही," साहेब म्हणाले. "खाली बसा."

ठाणेदार बसले. साहेबांनी चष्मा काढून पुसला. "जमादार, हे सगळं आरोपी झेंड्यासमोर बोलले?"

"व्हय साहेब."

"फिर्यादीत तर एकच वाक्य आहे."

"मला जसं ऐकू आलं तसं सांगतो साहेब."

गुरुजींच्या वकिलानं, तोच नागपूरवाला, आता त्याचा कोट जुना झाला होता, उठून सांगितलं की मला या साक्षीदाराला काही विचारायचं नाही.

आठ दिवसांनी निकाल लागला. फिर्यादीत एक ओळ, साक्षीत दीड पान, कोणाचं काय खरं मानायचं, असं म्हणून साहेबांनी संशयाचा फायदा देऊन गुरुजींना सोडून दिलं. सतरंज्या त्याच्या आदल्या दिवशीच शाळेच्या व्हरांड्यात येऊन पडल्या होत्या.

पण ते पुढचं. त्या दिवशी रीतीप्रमाणे जबानी वाचून दाखवायची राहिली होती. मी उभा राहिलो. इतकी वर्षं मी शिव्या वाचत आलो, पण माझा आवाज तेवढा खडा कधी लागला नसेल. सांड वाचला, भाजी वाचली, रजा वाचल्या, हजेरी वाचली, सलाम वाचला. कोर्टात कोणी हसलं नाही. जमादार डोळे मिटून ऐकत होते.

वाचून झालं. मी विचारलं, "बरोबर आहे?"

जमादारांनी डोळे उघडले. पहिल्या रांगेतल्या खुर्चीकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाबूजी," ते म्हणाले, "जरा पहिल्यापासून परत वाचा. एखादा शब्द राहिला असंल."